उशिराचं कारण: बायसन

अँडर्सचे बूट आमच्या मागच्या पायरीवर तेल पीत पडले होते आणि अँडर्स सव्वाशे मैल लांब, टीटॉनच्या डोंगरांखाली, धावायच्या बुटांत उभा होता. गुरुवारी सकाळी सहा वीसला त्याचा फोन आला.

"मारिट, मागच्या पायरीवर बघ. पळ."

मी पायजम्यातच दार उघडलं. "आहेत. शेजाऱ्यांच्या मांजरानं एकात तोंड घातलंय, पण आहेत."

त्यानं जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही. ती मांजराला नव्हती, स्वतःला होती.

अँडर्स माझा भाऊ, एकोणीस वर्षांचा. उन्हाळाभर तो टीटॉन पार्कात पायवाटा दुरुस्त करतो. पण त्याला खरं जायचं होतं ते वणवा विझवणाऱ्या तुकडीत. वसंतात त्यानं त्याचं प्रशिक्षण घेतलं, पाठीवर वीस किलोचं वजन घेऊन पाऊण तासात तीन मैल चालून दाखवलं, आणि तेव्हापासून त्याचं नाव यादीत लटकलं होतं. आज पहाटे त्याला बोलावणं आलं होतं. आयडाहोत मोठी आग लागली होती, तुकडीत एक जागा होती, चौदा दिवस. गाडी दुपारी तीनला मोरॅनच्या डेपोतून सुटणार. आणि पठ्ठ्यानं रविवारी घरी येऊन बुटांना तेल लावलं, ते मुरायला पायरीवर ठेवले, आणि तसाच निघून गेला.

दुसरे बूट घालून जा, असं म्हणता येत नाही. हे बूट जाड चामड्याचे, नडगीपर्यंत येणारे. नवे असताना ते लाकडासारखे असतात. अँडर्स मे महिन्यात ते घालून पाण्यानं भरलेल्या बाथटबमध्ये तासभर बसला होता आणि मग ओल्या बुटांनीच, ते पायात वाळेपर्यंत, गावभर फिरला होता. असं तीन आठवडे. फचक फचक आवाज करत तो किराणा दुकानात शिरला की सगळ्यांना कळायचं, याला आगीवर जायचंय. नवे बूट घालून गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी फोडांनी लंगडतो आणि तुकडीला ओझं होतो, म्हणून गाडीत चढवण्याआधी बॉस सगळ्यांचे पाय बघतो. स्वतःचे मुरलेले बूट नसतील तर पुढचं नाव.

बाबा पहाटेच राफ्ट घेऊन नदीवर गेले होते. आईचं पोस्ट ऑफिस आठला उघडतं आणि त्यात आई सोडून दुसरं कुणी नाही. आई तोंडात ब्रश घेऊन बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या किल्लीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"मी जाते," मी म्हटलं.

"तुझ्या लायसनला अकरा दिवस झालेत."

"अकरा दिवसांत एकही अपघात नाही. शंभर टक्के यश."

हिवाळ्यात मी शाळेच्या वादविवाद संघात गेले. तोपर्यंत मी वर्गात हजेरीला 'हजर' म्हणतानाही खाली बघायचे. आता माझा आवाज मला सापडलाय. आई म्हणते, जरा जास्तच सापडलाय.

"पंचेचाळीसच्या वर काटा जायचा नाही," आई तोंडातला फेस थुंकून म्हणाली. "ओल्ड फेथफुलला पोचलीस की फोन. अंधाराच्या आत घरी. आणि गाडीवर एक ओरखडा जरी दिसला ना मारिट, तर पुढचं अख्खं वर्ष बसनं जाशील सामन्यांना. धाकट्या पोरांच्या मागे बसून."

सव्वासातला मी निघाले. बूट शेजारच्या सीटवर ठेवले आणि त्यांना पट्टा लावला. उगाच नाही, पट्टा लावला नाही की आईची गाडी पिंपिं करत राहते.

आता हिशोब सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या गार्डिनरहून ओल्ड फेथफुल पावणेदोन तास. तिथून मोरॅन दोन तास. म्हणजे पावणेचार तासांचा रस्ता आणि माझ्याकडे पावणेआठ तास. चार तास शिल्लक! मी गाडीत मोठ्यानं गाणं म्हणत होते. मॅमथच्या हिरवळीवर एल्क हरणांच्या माद्या पोस्टाच्या दारात बसल्या होत्या आणि एक माणूस पार्सल हातात घेऊन त्या उठायची वाट बघत उभा होता. स्वान लेकवर दोन क्रौंच. रोअरिंग माउंटन नेहमीसारखा वाफाळत होता. मला एकटीला इतक्या दूर, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, कुणी 'खिडकी लाव' न म्हणता जाता येत होतं. माझा विश्वासच बसत नव्हता.

मॅडिसन नदीपाशी बायसन आले.

साठ-सत्तर तरी असतील. नदी ओलांडून वर आले आणि रस्त्यावरूनच चालायला लागले, दोन्ही बाजूंच्या गाड्यांमधून, जणू रस्ता त्यांच्यासाठीच बांधला होता. मी इंजिन बंद केलं, खिडक्या वर केल्या. करायचं काही नसतं. हॉर्न द्यायचा नाही, पुढे रेटायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही. एक बुजुर्ग नर माझ्या आरशाजवळ थांबला आणि त्यानं एवढा मोठा उसासा टाकला की काच धुरकट झाली. त्याचं डोकं आमच्या फ्रिजपेक्षा मोठं होतं.

पुढच्या भाड्याच्या गाडीतून एक माणूस फोन घेऊन उतरला आणि कळपाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढायला लागला. मागे लाल वासरू आणि त्याची आई.

मी खिडकी चार बोटं खाली केली. "अहो काका! गाडीत बसा! त्या वासराची आई तुमच्याकडे बघतेय!"

"शांतच आहे की ती," तो म्हणाला.

"शेपटी बघा! शेपटी वर गेली की शांत नसते!"

त्यानं शेपटी बघितली. मग तो ज्या वेगानं गाडीत शिरला तो बघून मागच्या गाडीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गेल्या वर्षी मी ओरडलेच नसते.

पस्तीस मिनिटं गेली. त्याचं कुणालाच काही वाटत नाही. आमच्या गावात 'बायसन' हे कारण आहे. शाळेत उशीर झाला की चिठ्ठीवर कारण लिहायचं असतं. 'बायसन' लिहिलं की ऑफिसातल्या बाई वर न बघता शिक्का मारतात. दंतवैद्य, लग्न, नोकरीची मुलाखत, सगळीकडे चालतं. गावात कुणी त्यावर उलटा प्रश्न विचारत नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःचा एक बायसन असतोच. आणि एक खरं सांगू? प्रत्येकानं तो कधी ना कधी नसतानाही लिहिलेला असतो. तरी कुणी विचारत नाही.

ओल्ड फेथफुलला पावणेदहाला पोचले. तिथे रेंज येते. आईला फोन केला, मग अँडर्सला.

"कुठे आहेस?"

"ओल्ड फेथफुल. बूट मजेत आहेत. त्यांना पट्टा लावलाय."

"वा! मग बाराला येशील की. ऐक, सँडविच खा, पाय मोकळे कर आणि नीघ. आणि मारिट..."

"काय?"

"ग्रँडच्या बेंचवर बसू नकोस."

"वेडा आहेस का? मी फक्त बाथरूमला आलेय."

"आईला पण फक्त बाथरूमला जायचं असतं," अँडर्स म्हणाला.

ग्रँड हा गीझर आहे, म्हणजे जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा. ओल्ड फेथफुल दीडेक तासानं उडतो, सगळे बघतात, आइस्क्रीम खातात आणि जातात. ग्रँड दिवसातून तीन-चारदाच उडतो, ओल्ड फेथफुलहून उंच उडतो, आणि नक्की कधी ते सांगत नाही. त्याच्या कुंडाला लागून टर्बन नावाचा एक छोटा गीझर आहे. टर्बन दर वीस-बावीस मिनिटांनी उसळतो आणि ग्रँड उडायचा असेल तर टर्बनच्या सुरुवातीलाच उडतो. नाही उडाला तर पुढच्या टर्बनपर्यंत बसायचं. म्हणून त्या बेंचवरची माणसं तास आणि मिनिटं मोजत नाहीत, टर्बन मोजतात. किती वेळ बसलात? सहा टर्बन. आणि 'आणखी एकच टर्बन' म्हणून नवऱ्याला गाडीत बसवून ठेवणाऱ्या बायकांमध्ये माझी आई मोडते.

मी बाथरूमला गेले. बाहेर आले तर समोर अंदाजांचा फळा: ग्रँड, सव्वादहा ते सव्वाएक.

चार तासांतून बायसनची पस्तीस मिनिटं गेली तरी भरपूर उरत होती. बेंचपासून गाडीपर्यंत चालत वीस मिनिटं, गाडीनं दोन तास. बाराला बेंचवरून उठलं तरी दोन वीसला पोचले. मी सँडविच घेतलं आणि लाकडी वाटेनं निघाले.

बेंचवर व्हर्ना होत्या. व्हर्ना सत्तरीच्या आहेत, आयडाहो फॉल्सच्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि आता उन्हाळाभर इथे असतात. पसरट टोपी, घडीची खुर्ची, गळ्यात वॉकीटॉकी, मांडीवर वही. त्यांनी मला चष्म्याच्या वरून बघितलं.

"तू सिग्रिडची ना? आई कुठाय?"

"पोस्टात. मी एकटी आलेय. गाडी घेऊन."

"एकटी!" त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा दिली. "मग बस. रात्री उशिरा उडालाय, कुंड छान भरलंय. आज लवकर जाईल असं मला वाटतंय."

दहा एकतीसचा टर्बन आला. ग्रँड नाही. दहा बावन्न. नाही. शेजारी एक कुटुंब होतं, त्यातले वडील दर पाच मिनिटांनी विचारायचे, "आता कधी?"

"माझ्या नवऱ्यानंही हेच विचारलं होतं," व्हर्ना म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी साली."

"मग?"

"मग तो मासे पकडायला गेला. अजून जातो."

अकरा तेरा. अकरा पस्तीस. ऊन चढलं. मध्ये मध्ये वॉकीटॉकीवर टेकडीपलीकडच्या लोकांचे आवाज येत होते, अमुक गीझर अमुक वाजता. ज्याला आधी दिसेल त्यानं नाव आणि वेळ सांगायची, मग सगळे आपापल्या वह्यांत लिहितात. मी लहानपणापासून हे ऐकत आलेय. आई मला पूर्वी वॉकीटॉकी द्यायची आणि मी बटण दाबून नुसतीच श्वास घेत बसायचे, मग आई हातातून घ्यायची.

अकरा छप्पन्न. टर्बन उसळला, ग्रँडच्या कुंडातून एक मोठा बुडबुडा आला, सगळे उभे राहिले. आणि पाणी शांत झालं. सगळे बसले.

बारा वाजले होते. मी पिशवी उचलली.

"निघालीस?" व्हर्नांनी विचारलं. "बघ बाई. मला तर लाटा दिसायला लागल्यात." त्यांनी पाण्याकडे बोट केलं. खरंच, कुंडाच्या कडेवरून बारीक बारीक लाटा ओसंडत होत्या. "उडाला तर आज वेळ तू सांग. मी वॉकीटॉकी तुझ्याकडे देते."

मी बसले. डोक्यात आकडे पटापट जागा बदलत होते. बारा सतराचा टर्बन बघून उठले तर बारा अडतीसला गाडी, दोन अडतीसला मोरॅन. अजूनही बावीस मिनिटं हातात. ठीक आहे.

बारा सतरा. टर्बन आला. ग्रँड नाही.

आता खरं सांगते, मला उठायचं होतं. मी उभीसुद्धा राहिले होते. पण दोन तास बसून मोकळ्या हातानं उठायचं, आणि वीस मिनिटांनी गाडीत बसताना झाडांच्या वर तो पांढरा खांब दिसायचा! ज्यांनी हे केलंय ते आयुष्यभर सांगत बसतात. आई अजून ब्याण्णव सालचं सांगते. आणि मग मी तेच केलं जे आमच्याकडचे लोक करतात. रस्ता लहान करायला घेतला. दोन तास कशाला, पावणेदोनच लागतात. चालायला वीस मिनिटं कशाला, पळत गेलं तर बारा. शिवाय तीन म्हणजे काही बरोब्बर तीन नसतात, सामान चढवायला वेळ लागतो. असं करत करत मी अर्धा तास निर्माण केला, जो कुठेच नव्हता.

"तुला कुठे जायचं होतं ना?" व्हर्नांनी विचारलं.

"वेळ आहे," मी म्हटलं.

बारा एकेचाळीसला टर्बन उसळला आणि त्याच्यामागे ग्रँडचं सगळं कुंड घुमटासारखं वर आलं. व्हर्नांनी वॉकीटॉकी माझ्या हातात कोंबली. मी बटण दाबलं आणि माझा आवाज निघाला, खणखणीत. "ग्रँड, बारा एकेचाळीस!" पलीकडून कुणीतरी म्हणालं, "मिळालं, धन्यवाद, ग्रँड बारा एकेचाळीस," आणि मी जवळजवळ नाचले. पाणी वर वर वर गेलं, तिथून फुटलं, आणखी वर गेलं. जमीन पायाखाली धडधडत होती. ते वडील तोंड उघडं टाकून बघत होते, विचारायचं विसरून. नऊ मिनिटांनी पाणी खाली बसलं. लोक टाळ्या वाजवून निघाले.

मी नाही निघाले. कारण कधी कधी ग्रँड थांबल्यासारखा करतो आणि मिनिटभरात दुसऱ्यांदा उडतो, तो दुसरा पहिल्यापेक्षा उंच. जो पहिल्यानंतर उठतो तो पाहुणा. मी पाहुणी नाही. मी थांबले, आणि दुसरा उडाला, आणि तो इतका सुंदर होता की मी काही लिहीत नाही.

मग घड्याळ बघितलं. बारा पंचावन्न.

लाकडी वाटेवर पळायची परवानगी नाही. मी पळण्याइतकं भरभर चालले. गाडीत बसले तेव्हा एक तेरा झाले होते आणि बूट पट्टा लावून माझी वाट बघत होते. अँडर्सला फोन लावला. 'संपर्क होऊ शकत नाही.' नंतर कळलं की तुकडीची बैठक चालू होती आणि फोन बाहेर ठेवायला लावले होते.

रस्त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. पंचेचाळीसच्या वर गेले नाही. दोनदा अठ्ठेचाळीसवर गेले. लुईस नदीत मूस, ते भलंमोठं हरीण, उभा होता, मी बघितलं नाही. पार्कचं दक्षिण फाटक ओलांडलं तेव्हा दोन पंधरा. जॅक्सन लेकच्या अलीकडे गाड्यांची रांग, हिरवी जाकिटं घातलेले स्वयंसेवक हात हलवत होते. डावीकडच्या झुडपांत अस्वलीण आणि दोन पिल्लं.

"थांबायचं नाही, हळूहळू पुढे!" एक म्हातारा स्वयंसेवक ओरडत होता. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, ग्रिझ्ली आहे, बघून घे, पण चाक फिरत राहू दे."

"मला नाही बघायची! त्यांना सांगा ना पुढे चला!"

त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं. अस्वल न बघणारी मुलगी त्याला पहिल्यांदाच भेटली असणार. तिथे बावीस मिनिटं गेली.

डेपोच्या आवारात वळले तेव्हा तीन सव्वीस. आवार रिकामं होतं. अँडर्स भिंतीला टेकून आपल्या पिशवीवर बसला होता, पिवळा शर्ट, हिरवी पँट, सगळा तयार, आणि खाली निळे धावायचे बूट. शेजारी दारात लोर्ना बेकस्टेड उभ्या होत्या. तुकड्यांच्या याद्या त्याच ठेवतात. हातात फळी, फळीवर कागद.

मी बूट दोन्ही हातांत घेऊन उतरले. मग अँडर्स म्हणाला, "पाच मिनिटं थांबले माझ्यासाठी. मग टेलरला घेऊन गेले."

"अँडर्स..."

"असू दे. घाबरलीस का? चेहरा बघ तुझा. पाणी पी."

लोर्ना पेन काढून म्हणाल्या, "हे बघ अँडर्स, बूट विसरलास ते विसरलास. नियमानं मी तुझं नाव यादीच्या तळाला टाकायला पाहिजे. पण बूट वेळेत निघाले होते आणि वाटेत अडकले, तर ते तुझ्या हातातलं नाही. तसं असेल तर तू पहिलाच राहशील. पुढची गाडी सोमवारी जाईल." त्या माझ्याकडे वळल्या. "बायसन, ना?"

आणि त्या लिहायलाच लागल्या होत्या. मी बघितलं, 'बा' लिहून झालं होतं.

"मॅडिसनपाशी," मी म्हटलं. "मोठा कळप. साठ-सत्तर."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं सोपं गेलं.

"तिला आणखी काही विचारू नका लोर्ना," अँडर्स उठून माझ्याजवळ आला. "अकरा दिवस झालेत लायसनला. पहाटे झोपेतून उठून एकटी आलीय, दोन पार्क ओलांडून. चूक माझी आहे. हिला कुणी एक शब्द बोलायचं नाही, बाबांनीसुद्धा." आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. अँडर्स असा हात टाकत नाही. आमच्या घरात कुणीच टाकत नाही.

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प राहिले असते, खरंच सांगते.

"बायसननं पस्तीस मिनिटं घेतली," मी म्हटलं. "अस्वलानं बावीस. पण मी पावणेदहाला ओल्ड फेथफुलला होते. सव्वादहापासून एकपर्यंत मी ग्रँडच्या बेंचवर बसले होते."

अँडर्सचा हात खाली आला.

लोर्नांनी पेन कागदावरून उचललं. मग म्हणाल्या, "उडाला का?"

"बारा एकेचाळीस."

"दुसरा?"

"दुसरा पण."

"हं," लोर्ना म्हणाल्या. त्यांनी 'बा' खोडलं. "तू बोलली नसतीस ना, तर मी लिहून मोकळी झाले असते. आता मी ऐकलंय. अँडर्स, तू अकरावा."

"हो," अँडर्स म्हणाला.

लोर्ना आत गेल्या. अँडर्सनं माझ्या हातातून बूट घेतले, पिशवीवर बसून धावायचे काढले आणि ते चढवले. नाड्या शांतपणे, वरपर्यंत, एक एक आकडा. मग उठला आणि कुंपणाच्या कडेनं तळ्याकडे चालत गेला. मी गाडीच्या पायरीवर बसून राहिले. रडले का? थोडीशी. वादविवाद संघात शिकवलेलं काहीही उपयोगाचं नव्हतं, कारण माझ्याकडे दुसरी बाजूच नव्हती.

पाऊण तासानं तो परत आला. माझं उरलेलं अर्धं सँडविच डॅशबोर्डवर होतं, ते त्यानं उचलून खाल्लं.

"मला बायसन चाललं असतं," तो घास गिळून म्हणाला.

"माहितेय."

"सोमवारी गेलो असतो मी."

"माहितेय, अँडर्स."

"मग कशाला बोललीस?"

"तू माझी बाजू घेत होतास."

त्यानं यावर विचार केला. खरंच केला, कारण तो विचार करताना चावायचं थांबतो. "मग पुढच्या वेळी," तो म्हणाला, "मी तुला आधीच शिव्या घालतो. म्हणजे गप्प बसशील."

"चालेल."

"आता घालू का?"

"घाल."

त्यानं घातल्या. बऱ्याच घातल्या, आणि आम्हा घरच्या सगळ्यांच्या बाथरूमला जाण्यावरही बोलला. मी ऐकून घेतलं. एकही चुकीची नव्हती.

पाचच्या आधी मी निघाले, अंधाराच्या आत घरी पोचले, गाडीवर ओरखडा नव्हता. आईला जेवताना सगळं सांगितलं. तिनं काटा खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं. मला माहीत होतं तो काय असणार ते, तिलाही माहीत होतं. तिनं तोंड मिटलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

एकोणीस दिवस अँडर्स पायवाटांवरच्या पुलांना खिळे ठोकत राहिला. सोमवारची गाडी गेली, मग आणखी एक गेली. मी रोज फोन करायचे, तो रोज 'हं' म्हणायचा, आणि यादीतला आकडा सांगायचा. नऊ. सात. सात. चार. बूट तो रोज घालत होता, कामावरही, तळ्यावरही. एकदा म्हणाला, झोपताना काढतो, बस.

एकोणतीस जुलैला पहाटे पाचला फोन वाजला. मी धावत जाऊन घेतला.

"निघतोय," तो म्हणाला. मागे इंजिन चालू होतं, माणसं ओरडत होती. "पायात आहेत. ठेव आता."